हलवा, पण घुसळू नका!

सर्पदंशावरचं अँटी स्नेक व्हेनम म्हणजे कुपीतली पांढरी, कोरडी भुकटी. त्यात निर्जंतुक पाणी घालायचं आणि कुपी हळुवार गोल फिरवायची. पेशंट गंभीर असला तरी ती खसाखसा हलवायची नाही, कारण फेस आला की औषधाचं नुकसान होतं. इन्सुलिनची बाटली आपटू नका, घुसळू नका, असं सांगतात तेही याच कारणाने.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही बरं का! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं हे औषध बनवणाऱ्या भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत आहे. घोड्यांना थोडं थोडं विष टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीपासून औषध करतात.

अँटिबॉडी काय किंवा इन्सुलिन काय, दोन्ही प्रथिनंच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, पण ती ठरावीक घडी घालून बसली तरच काम करते. पाण्याशी न पटणारे भाग या घडीत आत दडलेले असतात. उष्णता लागली किंवा प्रथिन हवेच्या बुडबुड्याला जाऊन चिकटलं की घडी उलगडते. आतले भाग उघडे पडतात आणि शेजारच्या प्रथिनाच्या तसल्याच भागांना चिकटतात. झाली गुठळी! अंड्याचा पांढरा भाग फेटल्यावर फेस ताठ उभा राहतो, तो यामुळेच. औषधात असं झालं तर त्याचा असर घटतो. शिवाय शरीर त्या गुठळ्यांना शत्रू समजण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

मग उपाय काय? एक उत्तर आहे पॉलिमर. बदलापूर लोकलमध्ये रुमाल टाकून सीट अडवणारे तुम्ही रोज बघता. पॉलिसॉर्बेट ८० नेमकं हेच करतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या छोट्या साखळ्या आणि तेलकट शेपटी असलेला हा रेणू बुडबुड्यावर आणि काचेवर आधी जाऊन बसतो. प्रथिनाला तिथे जागाच उरत नाही, त्यामुळे त्याची घडी शाबूत राहते. तुम्ही कोविशील्ड घेतली असेल, तर हा रेणू तुमच्याही दंडात टोचला गेलाय. आइस्क्रीममध्येही तो असतो.

याच्या पुढची पावलंही पडली आहेत. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या हेक्स्ट कंपनीने पंपात इन्सुलिनच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात असाच एक पॉलिमर मिसळला. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एरिक अ‍ॅपेल यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की अ‍ॅक्रिलामाइड जातीचा पॉलिमर घातलेलं इन्सुलिन ३७ अंशांवर, सतत हलत ठेवूनही, सहा महिने टिकतं. तासन् तास वीज नसलेल्या पाड्यावर याची किंमत काय, ते वेगळं सांगायला नको.

बर्कलीच्या टिंग शू यांनी तर २०१८ मध्ये प्रथिनं थेट टोल्यूइनमध्ये जिवंत, म्हणजे कामाची ठेवली. चार प्रकारचे मोनोमर विखरून जोडलेला त्यांचा पॉलिमर प्रथिनाला अंगरख्यासारखा लपेटतो. त्यातून बनवलेल्या धाग्यांच्या चटईने कीटकनाशकाचं विघटन करून दाखवलं. हे प्रयोगशाळेतलं काम आहे, नदी साफ करायचं यंत्र नाही. पण अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीचा वास नाकात बसलेल्या आपल्यासारख्यांनी ते लक्षात ठेवावं. नदी नासवणारीही केमिस्ट्रीच, औषध वाचवणारीही केमिस्ट्रीच. कोणत्या बाजूला उभं राहायचं, ते तिचं काम करणारा ठरवतो.

पॉलिमर म्हणजे जादूची कांडी मात्र नव्हे. पॉलिसॉर्बेट नीट ठेवलं नाही तर त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि ज्या प्रथिनाला वाचवायचं त्यालाच ती इजा करतात. काहींच्या शरीरात पॉलिइथिलीन ग्लायकॉलविरुद्धच अँटिबॉडी सापडतात. म्हणून इथे खरी कसोटी शुद्धतेची आणि चाचणीची असते. प्रॅक्टिकलला रीडिंग 'जुळवून' घ्यायची सवय असेल तर ती आत्ताच सोडा! बीएस्सीनंतर या वाटेने जायचं असेल, तर माटुंग्याची आयसीटी आणि पुण्याची एनसीएल लोकल-एक्स्प्रेसच्या टप्प्यात आहेत. फिजिकल केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री, दोन्ही पक्कं करा.

आणि आज करता येईल असं एक काम. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर ती बाटली खिडकीत किंवा फ्रीझरमध्ये तर नाही ना, ते बघा. काही प्रकारची इन्सुलिन मुळातच दुधाळ असतात. पण जे पारदर्शक असायला हवं ते गढूळ दिसलं किंवा त्यात कण तरंगताना दिसले, तर ते टोचू नका. डॉक्टरांना किंवा केमिस्टला दाखवा. ती उलगडलेली घडी परत बसत नाही.