व्यसनमुक्ती : दान की दायित्व?

घरातील तरुण मुलगा दारूच्या किंवा गर्दच्या आहारी गेला की घर प्रथम ती गोष्ट लपवते, मग देवाधर्माला लागते, पुढे कर्ज काढते आणि अखेरीस एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राच्या दाराशी येऊन उभे राहते. तोवर काही वर्षे उलटलेली असतात. शिक्षण सुटलेले असते, नोकरी गेलेली असते आणि आईच्या अंगावरचे सोनेही गेलेले असते. या साऱ्या प्रवासात शासनाची गाठ बहुधा दोनदाच पडते : एकदा मद्यविक्रीचा परवाना देणारे म्हणून आणि दुसऱ्यांदा पोलिसांच्या रूपाने. उपचार देणारे शासन मात्र क्वचितच भेटते. तसे ते भेटावे की नाही, हा केवळ दयाबुद्धीचा प्रश्न नाही. तो सार्वजनिक अर्थव्यवहाराचा प्रश्न आहे.

प्रश्नाचा आवाका प्रथम लक्षात घेतला पाहिजे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशव्यापी पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात. मुलांविषयीचा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. हुंगण्याच्या द्रव्यांचा वापर हा एकच प्रकार असा आढळला, की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक आहे : मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के. ही द्रव्ये कोणत्याही दुकानात मिळतात आणि ती हुंगणाऱ्या मुलाला केंद्राची फी परवडणे संभवत नाही. याच पाहणीनुसार मद्यासक्त अशा ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाली. अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण २० जणांत एक असे आहे. बाजारात मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, असे येथे म्हणता येत नाही. गरज प्रचंड आहे; अभाव आहे तो क्रयशक्तीचा आणि सोयींचा.

कायद्याने तर हे दायित्व केव्हाच मान्य केले आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांना व आरोग्यास घातक द्रव्यांना आळा घालण्याची दिशा राज्यास दाखवली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने उपचारकेंद्रे स्थापण्याचा अधिकार शासनाला दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांशी निगडित विकारांचा समावेश मानसिक आजारांत केला आणि शासनाने चालवलेल्या वा अनुदानित सेवांतून उपचार मिळवण्याचा हक्क नागरिकाला बहाल केला. १९८५ च्या कायद्यातील ६४-अ हे कलम तर विशेष बोलके आहे. अल्प प्रमाणातील अमली पदार्थाबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अट एवढीच, की तो उपचार शासनाच्या अथवा शासनमान्य संस्थेत झाला पाहिजे. म्हणजेच ज्या जिल्ह्यात अशी संस्था नाही, तेथील गरीब तरुणाच्या दृष्टीने हे संरक्षण कागदावरच राहते. केंद्राचा अभाव हा असा थेट न्यायाचा अभाव ठरतो.

महाराष्ट्राला या क्षेत्रात एक उज्ज्वल परंपरा लाभली आहे. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा विळखा वाढू लागला तेव्हा अनिल अवचट यांच्या लेखनाने समाजाला हादरवले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्याचा हात पुढे केला आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ उभे राहिले. या घटनेतून दोन बोध मिळतात. एक, समाजाच्या दातृत्वातून उत्तम संस्था जन्म घेऊ शकते. दुसरा असा, की दातृत्व मागून मिळत नाही आणि सर्वत्र सारखे वाटलेही जात नाही. पुण्याला पु. ल. लाभले; प्रत्येक तालुक्याला ते लाभत नाहीत.

म्हणून अनुदानाची गरज. तथापि अनुदान देण्याची रीत त्याच्या हेतूला पोषक असावी लागते. केंद्र शासनाच्या योजनेत दीर्घकाळ स्वयंसेवी संस्थांना मंजूर खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद होती. कागदावर हे प्रमाण उदार आहे. परंतु हप्ता उशिरा आला की समुपदेशकाचे वेतन थकते, अनुभवी माणूस सोडून जातो आणि केंद्राचे खरे भांडवलच नाहीसे होते. शिवाय किती खाटा भरल्या, हेच मोजमाप मानले तर दाखल करून घेण्याकडे कल वाढतो, पाठपुराव्याकडे दुर्लक्ष होते. व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे. महिनाभराचा मुक्काम हा उपचाराचा आरंभ होय. खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर पर्यायी औषध देण्यास प्रारंभ केला. सर्वांनाच खाट लागत नाही, नियमित औषध आणि भेट पुष्कळांना पुरते, हे तत्त्व त्यामागे आहे.

‘स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या आजाराचा भार करदात्याने का सोसावा?’ हा आक्षेप प्रामाणिक असतो; त्याला उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे. तो भार करदाता आजही सोसतोच आहे : इस्पितळात, तुरुंगात, अपघातात आणि बुडालेल्या मनुष्यबळात. पत्नी आणि मुले तर कोणताही दोष नसताना तो सोसतात. प्रश्न फक्त तो कोठे आणि किती महाग सोसावा, एवढाच उरतो. अमेरिकेतील रँड या संस्थेने १९९४ मध्ये असा हिशेब मांडला, की कोकेनच्या सेवनात १ टक्का घट घडवण्यासाठी देशांतर्गत पोलिसी कारवाईवर २४ कोटी ६० लाख डॉलर, तर उपचारांवर अवघे ३ कोटी ४० लाख डॉलर पुरेसे ठरतात. तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. मात्र उपचार हा खर्चाचा सर्वांत काटकसरी मार्ग असू शकतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

मग पैसा कोठून आणावा? पिण्याच्या मद्याला वस्तू व सेवा करातून वगळल्यामुळे त्यावरील महसूल राज्यांच्याच तिजोरीत जातो. महाराष्ट्राला २०२३-२४ मध्ये राज्य उत्पादन शुल्कातून २० हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न झाले. त्यातील केवळ १ टक्का रक्कम उपचारांसाठी राखून ठेवली, तरी ती २०० कोटींहून अधिक भरते. अर्थात उपचाराचा निधी मद्यविक्रीच्या चढउतारावर टांगणेही योग्य नव्हे. म्हणून किमान रक्कम अर्थसंकल्पातच निश्चित असावी. त्याबरोबर हिशेबाची शिस्तही हवी. नोंदणी नसलेल्या, रुग्णाला साखळीने बांधणाऱ्या केंद्राला एक पैसाही मिळता कामा नये. अनुदानित केंद्राचे मूल्यमापन भरलेल्या खाटांवरून न करता वर्षभरानंतर किती जण संपर्कात व कामावर आहेत, यावरून व्हावे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकाला संशयित मुलाला कोठे पाठवावे हे ठाऊक असावे, आणि तेथे दार उघडे असावे.

मद्यावरील शुल्क ज्या तत्परतेने वसूल होते, त्याच तत्परतेने मद्याने मोडलेल्या माणसाला उभे करण्याची व्यवस्था झाली पाहिजे. दात्यांनी आजवर पुष्कळ केले आणि पुढेही ते करतील. परंतु जे दायित्व कायद्याने शासनाचे आहे, ते दानशूरांच्या खांद्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही.