बेणे सशक्त, तर ऊस सशक्त



साखर कारखान्याच्या अंकात साखरेच्या आजारावर लेख! मुठ्याच्या पारावर कुणी म्हणेल, "अहो, आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेता?" पण ऊस जसा आपला, तशी माणसंही आपलीच ना?

मधुमेह हा पेठेतल्या गादीवर बसणाऱ्यांचा रोग, असं आपण समजत होतो. आता बांधावर जायला मोटारसायकल आली आणि चहाचे कप काही कमी झाले नाहीत. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून पुढे आला.

मूळ मात्र आणखी खोल आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली आपल्याच जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती बारीक, पण अंगात चरबीचे प्रमाण त्यामानाने जास्त! दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याचे अधिक दिसले. बेणं कमजोर असलं की पुढं कितीही खत घाला, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डेअरीला दूध घालताना एक पेला घरच्या सुनेसाठी बाजूला ठेवतो का आपण?

मोठेपणीही वेळ गेलेली नसते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक प्रयोग झाला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीसारखं वागणाऱ्यांपैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. रोज चालणं आणि खाण्यातला बदल ज्यांना वरचेवर समजावला, त्यांच्यात ३९ जणांना.

म्हणजे काम आहे समजावण्याचं. सरकारी उपकेंद्रात तिशीपुढच्यांची साखर मोफत तपासतात. कमी पडतं ते घरोघर जाऊन मराठीत सांगणारं माणूस. त्याला पगार लागतो. सहा गावांच्या त्या अभ्यासाला इंग्लंडच्या वेलकम ट्रस्टने पैसा दिला. आपल्या गावांच्या शिक्षणाला आपण का देऊ नये?

आमची सूचना साधी आहे. उसाच्या बिलातून टनामागे ५० पैसे. शंभर टन घालणाऱ्याचे ५० रुपये जातील. चार लाख टन गाळप झाले, तर दोन लाख रुपये जमतील. हिशेब दरवर्षी याच अंकात छापावा आणि ऊसतोडीच्या कोप्यांवरही हे शिक्षण न्यावे.

वार्षिक सभेत दराबद्दल आपण हक्काने बोलतो, बोललंच पाहिजे. यंदा त्याच सभेत या पन्नास पैशांबद्दलही बोला. पटलं तर हात वर करा. नाही पटलं, तर का ते सांगा.