नाटकांतील शिकागो आणि खरें शिकागो

एखादें शहर आपण डोळ्यांनीं पाहिलेलें नसलें, तरी नाटकांतून व चित्रपटांतून त्याची ओळख आपल्यास झालेली असते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील शिकागो हें असेंच एक शहर होय. १८९३ सालच्या सर्वधर्मपरिषदेमुळें हें नांव आपल्याकडे सर्वतोमुखीं झालें. पुढें चित्रपटांनीं मात्र तें गुंडांचें शहर म्हणून गाजविलें. हें चित्र कसें तयार झालें व तें कितपत पुरें आहे, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिकागो मिशिगन सरोवराच्या कांठीं वसलें आहे. १८७१ सालच्या आगींत त्याचा पुष्कळ भाग भस्म झाला. परंतु राख निवते न निवते तोंच नव्या इमारती उठूं लागल्या. रेल्वे, धान्याचा व्यापार व कत्तलखाने यांच्या ओढीनें देशोदेशींचे लोक तेथें आले. अशा गजबजलेल्या ठिकाणीं नाटककारास विषयांची वाण कशी पडावी?

१९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी होती. तेव्हां चोरट्या दारूच्या धंद्यावर अल् कपोनसारखे गुंड माजले. याच काळांत मॉरीन वॉटकिन्स या वार्ताहर बाईंनीं, स्वतः वृत्तें दिलेल्या खुनाच्या खटल्यांवरून, १९२६ सालीं 'शिकागो' नांवाचें नाटक रचिलें. गुन्हेगार स्त्रियांस वर्तमानपत्रें कशीं डोक्यावर घेतात, याची त्यांत थट्टा आहे. त्याचेंच पुढें संगीत नाटक झालें व २००२ सालीं चित्रपट निघाला. गंमत अशी, कीं हा चित्रपट बव्हंशीं कॅनडांतील टोरांटो शहरीं घेतला गेला! 'ई. आर.' ही रुग्णालयावरील दूरचित्रवाणी मालिका १९९४ ते २००९ पर्यंत चालली. तिची कथा शिकागोंतील, पण चित्रण बहुतेक कॅलिफोर्नियांतील. तात्पर्य, पडद्यावरील शहर हें पुष्कळदां कारागिरांनीं उभारलेलें असतें.

मग खरें शिकागो कोठें सांपडेल? आमच्या मतें तें लोरेन हॅन्सबेरी यांच्या 'ए रेझिन इन द सन' या १९५९ सालच्या नाटकांत सांपडतें. त्यांत ना पिस्तूल, ना पोलीस. दक्षिण भागांतील एका कोंदट बिऱ्हाडांत राहणारें एक कृष्णवर्णी कुटुंब आहे. बापाच्या मृत्यूनंतर विम्याचे दहा हजार डॉलर येतात आणि आई गोऱ्यांच्या वस्तींत घर घेते. तेथील रहिवाशांचा एक प्रतिनिधि गोड शब्दांत सांगतो, 'तुम्ही येऊं नका. आम्ही त्याबद्दल पैसे देतों.' मुलगा मित्राच्या हातून फसलेला, त्यास पैशाची निकड. तरी आपल्या लहानग्या मुलादेखत तो ते पैसे नाकारतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १९३७ सालीं हॅन्सबेरीबाईंच्या वडिलांनीं असेंच घर घेतलें, तेव्हां जमाव चालून आला आणि खिडकींतून भिरकावलेली वस्तु लहानग्या लोरेनला लागतां लागतां राहिली. खटला वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला व १९४० सालीं तो त्यांच्या बाजूनें लागला. परंतु तो कायद्याच्या कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर. कृष्णवर्णीयांस घर विकूं नये अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयें करूं शकत नाहींत, हा निर्णय १९४८ सालीं दुसऱ्या खटल्यांत झाला.

गुंडांची गोष्ट पाहून आपण घटकाभर थरारतों व विसरतों. या नाटकांतला प्रश्न मात्र घरीं आपल्या मागोमाग येतो. 'माझा शेजारी कोण?' हा प्रश्न आम्हांस शुभवर्तमानांतून परिचित आहे. आपल्या आळींत कोणास बिऱ्हाड मिळतें व कोणास मिळत नाहीं, हें पाहिलें म्हणजे तो शिकागोपुरता नाहीं हेंही कळतें. म्हणून बालमित्रहो, परक्या शहराचें चित्र पाहाल तेव्हां तेथें कोण राहतो इतकेंच पाहूं नका; कोणास राहूं दिलें नाहीं, हेंही विचारा.