स्नायूंची दुर्बलता आणि मनाची उभारी

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा जनुकीय विकार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. स्नायूंना टिकवून धरणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही. वारंवार पडणे, उठताना मांड्यांवर हात टेकणे ही प्रारंभीची लक्षणे होत. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांना चाकाची खुर्ची लागते. स्टेरॉइड औषधे, व्यायामोपचार आणि हृदय व श्वसनाची काळजी यांमुळे आयुर्मान वाढले आहे. परंतु आजार समूळ बरा होत नाही.

म्हणूनच वाढलेली वर्षे कशी जगावीत, हा प्रश्न आम्हांस तितकाच महत्त्वाचा वाटतो. शाळा सुटली की सोबती दुरावतात व मूल घरात एकटे पडते. मातेला दोष दिला जातो. वस्तुतः सुमारे एकतृतीयांश रुग्णांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. आणि तो आईकडून आला, तरी त्यात तिचा अपराध नसतो.

पालकांना वाटते त्याहून ही मुले आपल्या जीवनाविषयी अधिक समाधानी असतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. यास्तव कोणताही निर्णय घेताना मुलाचे मत अवश्य विचारावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे. कुटुंबीयांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्र जरूर काढावे. मन खचल्यास १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. आमच्या दानशूर हितचिंतकांना नम्र विनंती, की खुर्चीसोबत मोहोळ तालुक्यातील शाळांच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प उभारण्यासही साहाय्य करावे. वर्गापर्यंत पोहोचणारे मूल एकटे राहत नाही.