मोबाईल टॉवरमुळे खरंच पक्षी मरतात? ‘२.०’ सिनेमा आणि गोंदियाचे सारस

रजनीकांत-अक्षय कुमारचा ‘२.०’ आठवतोय? २०१८ साली आलेल्या या सिनेमात मोबाईल टॉवरच्या रेडिएशनने पक्षी मरतात, असं दाखवलंय. तेव्हा मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर बोर्डाकडे तक्रारही केली होती.

मग विज्ञान काय सांगतं? टॉवरमुळे पक्षी मरतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जर्मनीतल्या संशोधनात विद्युतचुंबकीय लहरींमुळे रॉबिन पक्ष्यांना दिशा ओळखता येईना, असं दिसलं. पण त्या लहरी होत्या ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एएम रेडिओच्या आसपासच्या. मोबाईल चालतो शेकडो, हजारो मेगाहर्ट्झवर.

पक्ष्यांवरचं खरं संकट बघायचं तर गोंदियात या. महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः याच जिल्ह्यात आहेत. धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी राहणारा हा माणसाएवढा उंच पक्षी. त्याला धोका आहे शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांचा, कीटकनाशकांचा आणि कमी होत चाललेल्या पाणथळ जागांचा.

सिनेमाने पक्ष्यांची काळजी करायला लावली, हे चांगलंच. पण सारस वाचवायचे असतील तर टॉवरआधी त्या तारांकडे बघायला हवं.