व्हिडिओ पाहून टाका येतो का?

बोनकोड्यात आमच्या इमारतीतल्या दोन मुली सुट्टीत मोबाईलवर बघून हातशिलाई शिकतायत. एक नऊ वर्षांची, एक अकराची. धाकटीने धावदोऱ्याचा व्हिडिओ इतक्यांदा पाहिलाय की पुढे काय येणार ते ती आधीच सांगते. प्रत्यक्षात मात्र तिसऱ्या टाक्यालाच दोरा गुंततो. आई म्हणते, "लक्षच नाही हिचं." मला हे निदान पटत नाही. आणि तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर असल्या निदानापाशी थांबूच नका, कारण इथून पुढे चांगला प्रश्न सुरू होतो.

मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांचा 2018 मधला 'सायकॉलॉजिकल सायन्स'मधला पेपर जरूर वाचा. टेबलावरची भांडी न पाडता खालचं कापड खेचणं, मूनवॉक, डार्ट फेकणं अशा कौशल्यांचे व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवले. काहींनी एकदा पाहिले, काहींनी वीस वेळा. वीसवाल्यांचा "मला जमेल" हा विश्वास वाढला, कामगिरी मात्र वाढली नाही. मला सगळ्यात आवडतो तो जगलिंगचा प्रयोग. व्हिडिओनंतर ज्यांना ती साधनं नुसती हातात धरायला दिली, त्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला. फक्त हातात धरून!

आता शिवणाकडे या. सुई कुठून घालायची, कुठून काढायची हे पडद्यावर दिसतं. दोरा किती ओढायचा हे दिसत नाही. जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात, कमी ओढला की टाका सैल लोंबतो. ही माहिती बोटांनाच मिळते. दोऱ्याच्या लांबीचंही तसंच. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून मुलं दोन-दोन हात दोरा घेतात आणि तो पिळून गुंततो. गोधडी शिवणाऱ्या आज्या दोरा हातभरच का घेतात, ते एकदा गुंता सोडवला की कळतं.

दुसरा मुद्दा कॅमेऱ्याच्या जागेचा. लोगन फिओरेला, रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये विद्युत मंडल जोडण्याचे व्हिडिओ दोन कोनांतून दाखवले: समोर बसलेल्या माणसाचे हात आणि करणाऱ्याच्या स्वतःच्या नजरेतून दिसणारे हात. दुसऱ्या प्रकाराने शिकणाऱ्यांची जोडणी जास्त अचूक झाली. शिवणाचे बरेच व्हिडिओ समोरून घेतलेले असतात, म्हणजे मुलाला डावं-उजवं मनातल्या मनात फिरवावं लागतं.

पण थांबा. तिथे विद्यापीठातले विद्यार्थी होते आणि घट्ट, न हलणारे भाग होते. नऊ वर्षांची मुलगी आणि घसरणारं सुती कापड यांना तोच निष्कर्ष लावता येईल का? ही झाली तुमची जागा.

मी आराखडा केला तर असा करीन: 8 ते 11 वयाची मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट, व्हिडिओ तोच पण कोन वेगळा. आधी विचारायचं, "तुला किती जमेल?" मग कापडावर आखलेली 10 सेंटीमीटरची रेघ शिवायला द्यायची. मोजायचं काय? टाक्यांची संख्या, रेघेपासून किती ढळले, दोरा किती वेळा गुंतला, व्हिडिओ किती वेळा थांबवला. "छान शिवलं" हे मोजमाप नव्हे.

घरी करताना आई मध्ये हात घालणारच. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये लाकडी ठोकळे रचणाऱ्या लहान मुलांवर काम करून दाखवलं की मोठ्यांची मदत हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो. त्यामुळे ती मदत हाकलू नका, नोंदवा. "शिवण" म्हटल्यावर पालक मुलींनाच पुढे करतील, नमुना तिथेच कलला. मुलगे मुद्दाम मागा. सुई आहे, म्हणून नैतिक समितीची मंजुरी, पालकांची संमती आणि मुलाचाही होकार हवाच.

सुरुवात करण्याआधी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शालेय मुलांच्या डिझाइन-तंत्रज्ञान शिक्षणावर झालेलं काम चाळा. खाडीपलीकडेच आहे.

आणि डावखुरी मुलं वगळू नका. उजव्या हाताने शिवणारी बाई समोरून दिसली तर डावखुऱ्या मुलाला ती आरशासारखी वाटेल, म्हणजे त्याच्यासाठी तोच "वाईट" कोन सोयीचा ठरू शकतो. इमारतीतली थोरली मुलगी डावखुरी आहे. तिचा धावदोरा सरळ येतो.