बुडाला लागलेली डाळ

भिवंडीतले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात आणि गाव सोडून आलेले कारागीर जेवतात भिस्सीत. महिन्याचे पैसे भरायचे, दोन वेळा पंगतीला बसायचं. अशाच एका भिस्सीच्या मागच्या मोरीवर मी दुपारभर बसले होते. समोर जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, भलामोठा टोप. बुडाला तुरीची डाळ लागून काळी पापडी धरलेली, आणि संध्याकाळची डाळ त्याच टोपात शिजायची होती.

मला वाटलं, भिस्सीतल्या मावशी आता तारेची घासणी घेऊन तुटून पडतील. त्यांनी लाकडी उलथन्याने सुटेल तेवढं खरवडलं, चार बोटं पाणी ओतलं, खायचा सोडा टाकला आणि टोप पुन्हा शेगडीवर चढवला. "घासायचं मागनं. आधी भिजू दे," एवढंच बोलल्या. पाणी उकळायला लागलं तशी पापडी कडेने सुटून वर आली. करपलेल्या डाळीतली प्रथिनं आणि पिष्ट सौम्य अल्कलीत फुगतात, धातूवरची पकड सोडतात. उरलेलं काथ्याने निघालं.

त्यांचं लक्ष मात्र सतत शेगडीकडे होतं. दहाएक मिनिटांत टोप खाली. अॅल्युमिनियमला अल्कली फार वेळ सोसत नाही. धुण्याचा सोडा तर त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टोप काळवंडून टाकतो. खायच्या सोड्यानेही थोडी काळपट झाक आलीच होती. त्यावर सकाळच्या चिंचेचा चोथा पाण्यात घालून एक उकळी. चिंचेतल्या टार्टरिक आम्लाने झाक उतरली. कुकरच्या तळच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतात ती याच कारणाने.

सोडा आधी, चिंच नंतर, मध्ये टोप विसळलेला. हा क्रम महत्त्वाचा. हल्ली मोबाइलवर सोड्यात व्हिनेगर ओतून फेस दाखवणारे व्हिडिओ फार. फेस म्हणजे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती राहतं खारट पाणी. बघायला मजा येते, पण दोन्ही चांगल्या वस्तू फुकट जातात.

भांडं ओळखल्याशिवाय डागाला हात लावू नये. स्टीलवर निळसर-सोनेरी झाक आली तर ती जास्त तापल्याची खूण. व्हिनेगरचा फडका पुरे. तांब्या-पितळेला आमसुलाचं पाणी. लोखंडी तव्यावरचा काळा थर हा तेल घट्ट होऊन बसलेला असतो आणि तोच तव्याला गंजापासून राखतो, म्हणून तिथे चिंच-लिंबू अजिबात नको. नॉनस्टिकला गरम पाणी आणि मऊ स्पंज, बस. चुलाणावर चढवायच्या टोपाला बाहेरून आधीच मातीचा हात फिरवून ठेवतात, म्हणजे काजळी मातीबरोबर धुऊन जाते. डाग काढण्यापेक्षा तो धरूच न देण्याची ही युक्ती मला सगळ्यांत हुशारीची वाटते.

तारेची घासणी टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पण ती टोपाच्या बाहेरच्या बाजूलाच ठेवा. आतून चरे पडले की पुढची डाळ नेमकी तिथेच धरते.